मोबाइलवरचा सिनेमा : भाडे, वर्गणी आणि जाहिरात



आज आपण सिनेमाविषयी बोलणार आहोत. हसू नका. साक्षरतेच्या वर्गात सिनेमा कशाला, असे कोणाला वाटेल. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत वर्गातल्या मंडळींनी आम्हांला सिनेमाचे जेवढे प्रश्न विचारले, तेवढे सातबाराचेही विचारले नाहीत. आणि ते प्रश्न नटनट्यांचे नव्हते. पैशांचे होते.

कोणी म्हणाले, "गुरुजी, वर्साचं पैसं भरलं, तरी ह्यो पिक्चर आनखी शंभर रुपयं मागतोय." कोणी म्हणाले, "एकबी पिक्चर बघितला न्हाई, तरी दर म्हैन्याला खात्यातनं पैसं जात्यात." तिसऱ्याचे म्हणणे असे, "पैसं भरल्यावर जाहिराती बंद व्हायला पायजेत का नको?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि तिघांचे मूळ एकच आहे. मोबाइलवर सिनेमा दाखवणाऱ्या कंपन्या तीन वेगवेगळ्या गोष्टींचे पैसे घेतात. कधी एका सिनेमाचे, कधी महिन्याचे किंवा वर्षाचे, आणि कधी फक्त जाहिराती काढून टाकण्याचे. एकाचे पैसे भरले म्हणजे दुसऱ्याचेही भरले, असे होत नाही. बटण दाबण्यापूर्वी आपण कशाचे पैसे देतो आहोत, हे वाचता आले पाहिजे. आता तुम्हांला वाचता येते. म्हणून आजचे हे बोलणे.

हा प्रकार अगदी नवा आहे असे समजू नका. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तो आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. तिकीट काढले, आत बसलो, खेळ संपला की बाहेर. दुसऱ्या दिवशी तोच खेळ पाहायचा तर तिकीट पुन्हा. पुढे १९८० नंतरच्या काळात गावोगाव व्हिडिओ आला. आळीत पट्टी काढायची, तालुक्याहून टीव्ही आणि व्हिडिओ एका रात्रीच्या भाड्याने आणायचा. रात्र एकच असल्यामुळे लोक पहाटेपर्यंत तीन-तीन सिनेमे पाहायचे. सकाळी यंत्र परत न्यायचे. चौथा सिनेमा अर्धा राहिला म्हणून मालक काही थांबत नसे.

हे झाले भाडे. एका खेळाचे किंवा एका रात्रीचे.

आता एसटीचा पास घ्या. आपली पोरे शाळेला जातात, त्यांचा महिन्याचा पास असतो. पास काढला की महिनाभर गाडीत चढावे. रोज चढा किंवा आठ दिवस घरी बसा, पासाचे पैसे तेच. पण तो पास वडापच्या जीपमध्ये चालत नाही. जीपवाल्याला पास दाखवला तर तो हसेल. ही झाली वर्गणी. मोबाइलवर तिलाच 'सबस्क्रिप्शन' म्हणतात, कोणी 'प्लॅन' म्हणते, कोणी 'मेंबरशिप' म्हणते.

सिनेमाच्या कंपन्यांचेही असेच आहे. नेटफ्लिक्स ही परदेशी कंपनी आपल्या देशात जानेवारी २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी डिसेंबरात ॲमेझॉनचे प्राइम व्हिडिओ आले. हॉटस्टार आणि जिओसिनेमा हे पूर्वी निरनिराळे होते. ते १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एक झाले आणि जिओहॉटस्टार असे नाव पडले. प्रत्येकाचे कोठार वेगळे, किल्ली वेगळी. एकाची वर्गणी भरली म्हणून दुसऱ्याचे कोठार उघडत नाही. शेजारच्या घरी जो सिनेमा लागला तो आपल्याकडे का लागत नाही, याचे उत्तर बहुधा एवढेच असते. शिवाय कोठारातला माल बदलतो. आज असलेला सिनेमा मुदत संपली की निघूनही जातो.

काहींना रिचार्जबरोबर अशी वर्गणी 'फुकट' मिळते. रिचार्जची मुदत संपली की बहुधा तीही संपते. तिचे पैसे रिचार्जमध्येच धरलेले असतात, हे ओळखून असा.

आता एक आकडा सांगतो, तो नीट ऐका. १४९ रुपये. २०२१ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने फक्त मोबाइलवर पाहण्याचा प्लॅन १४९ रुपये केला. २०२५ साली जिओहॉटस्टार सुरू झाले, तेव्हा त्यांचाही मोबाइलचा प्लॅन १४९ रुपये होता. दोन्ही सारखेच, असे कोणालाही वाटेल. पण पहिले १४९ एका महिन्याचे होते आणि दुसरे १४९ तीन महिन्यांचे. वर्षाचा हिशोब मांडा. पहिल्याचे बारा वेळा १४९, म्हणजे १७८८ रुपये. दुसऱ्याचे चार वेळा १४९, म्हणजे ५९६. आणि त्याच दुसऱ्याने वर्षाचे पैसे एकदम भरले तर ४९९ घेत. दर पुढे बदलतात, ते त्या दिवशी पडद्यावर वाचावेत. आम्हांला सांगायचे ते एवढेच की आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि 'महिना', 'तीन महिने', 'वर्ष' हे शब्द बारीक अक्षरांत असतात. पैसे मात्र त्या बारीक शब्दांवर ठरतात.

आणि 'मोबाइल' हा शब्दही त्यात वाचायचा. मोबाइलचा प्लॅन मोबाइलपुरताच. आपल्या वर्गातल्या एका तात्यांनी तो घेतला आणि घरातल्या मोठ्या टीव्हीवर लावायला गेले. लागेना. टीव्ही बिघडला म्हणून ते दुकानदाराकडे जायला निघाले होते. टीव्ही चांगला होता. प्लॅनच एका फोनचा होता.

आता शंभर रुपयांच्या प्रश्नाकडे येऊ. वर्षाचे पैसे भरले, तरी शंभर का मागतात?

प्राइम व्हिडिओने एप्रिल २०२२ पासून आपल्या देशात सिनेमे भाड्यानेही द्यायला सुरुवात केली. म्हणजे एकाच दुकानात दोन फडताळे. एका फडताळातले सिनेमे वर्गणीत पाहता येतात. दुसऱ्या फडताळातले भाड्याचे. वर्गणीदार असला तरी त्याचे भाडे निराळे द्यावे लागते, आणि वर्गणी नसलेल्यालाही भाड्याने मिळतो. चित्राखाली 'रेंट' असा शब्द असेल, तर ते दुसरे फडताळ समजावे. ही काही फसवणूक नाही. पण दोन्ही चित्रे शेजारी शेजारी मांडतात, त्यामुळे माणूस गोंधळतो. दुकानदाराने पाटी जरा ठळक लावली असती तर बरे झाले असते, असे आमचे मत आहे.

भाड्याला मुदत असते. प्राइमच्या भाड्याचा नियम असा होता : पैसे भरल्यापासून ३० दिवसांत सिनेमा सुरू करायचा, आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. शनिवारी रात्री ९ वाजता लावला, तर सोमवारी रात्री ९ पर्यंत. नंतर तो बंद. पुन्हा पाहायचा तर पुन्हा भाडे. म्हणून भांगलणीच्या किंवा मळणीच्या दिवसांत उगाच 'बघू तरी लागतो का' म्हणून दोन मिनिटे लावून बंद करू नये. घड्याळ तेव्हापासूनच चालू होते.

भाड्याचे एक चांगले उदाहरणही आहे. आमिर खान यांचा 'सितारे जमीन पर' हा सिनेमा २० जून २०२५ रोजी थिएटरात लागला. तो नंतर कोणत्याही वर्गणीच्या कोठारात न ठेवता १ ऑगस्ट २०२५ पासून यूट्यूबवर १०० रुपये भाड्याने ठेवला. वर्गणी भरायची गरज नाही. घरात पाच माणसे एकत्र बसली तर माणशी २० रुपये. तालुक्याच्या थिएटरात पाच जण जायचे म्हटले, तर जाण्यायेण्याचे भाडेच त्याहून जास्त होते.

लोक आम्हांला विचारतात, "गुरुजी, भाडं बरं का वर्गणी बरी?" आम्ही उलट विचारतो, वर्षात सिनेमे किती पाहता? ॲमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी २०२५ साली १४९९ रुपये होती. शंभराच्या भाड्याने तेवढ्यात चौदा सिनेमे होतात आणि वर ९९ रुपये उरतात. ज्या घरात दिवाळीला एक आणि मे महिन्यात पोरे आली की दोन सिनेमे पाहतात, त्या घराला वर्षाची वर्गणी परवडत नाही. ज्या घरात पोरे रोज रात्री काही ना काही लावतात, त्यांना ती स्वस्त पडेल. खरे म्हणजे हा रतिबाच्या दुधासारखा हिशोब आहे. घरात चहा पिणारे किती, ते आधी मोजावे आणि मग गवळ्याशी बोलावे.

आता जाहिराती. तिसरा प्रश्न विचारणाऱ्या वहिनी फार तावातावाने बोलल्या, आणि त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पैसे भरल्यावर मध्येच साबणाची जाहिरात कोणाला आवडेल?

यूट्यूबवर पुष्कळसे फुकट दिसते. ते फुकट कसे परवडते? साबणवाला, गाडीवाला, बँकवाला पैसे देतो. तुम्ही जाहिरात पाहता, हीच तुमची फी. शिवाय जाहिरात दाखवतानाही तुमच्याच रिचार्जमधला डेटा जळतो. साध्या चित्रावर तासाभराच्या सिनेमाला साधारण एक जीबी जातो, चित्र फार स्वच्छ ठेवले तर त्याच्या दुपटी-तिपटीने.

पूर्वी वर्गणी भरली की जाहिराती नाहीत, असा बऱ्याच ठिकाणी रिवाज होता. तो बदलत गेला. प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून आपल्या देशात वर्गणीदारांनाही थोड्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली. नको असतील तर वर आणखी पैसे : त्या वेळी महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये. जिओहॉटस्टारवर २०२५ साली स्वस्त प्लॅनमध्ये जाहिराती होत्या आणि सर्वांत महाग प्लॅनमध्ये नव्हत्या. तरी त्या महाग प्लॅनमध्येसुद्धा क्रिकेटचा चालू सामना पाहताना जाहिराती येतच. तेव्हा 'ॲड-फ्री' म्हणजे जाहिरात नाही, हा अर्थ बरोबर, पण कशात नाही, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते. तेवढे वाचावे.

आम्हांला विचाराल तर जाहिराती सोसाव्यात. तेवढ्या वेळात चुलीवरचे पाहून येता येते, गुरांना वैरण टाकता येते. ज्यांना अगदीच सहन होत नाही त्यांनी पैसे भरावेत, त्यात गैर काही नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे बोलतो. पुढे बसलेल्यांनी मागच्यांना जागे करावे.

आपल्या वर्गात एक मावशी आहेत. नाव सांगत नाही. दुसऱ्याच्या रानात रोजाने जातात. एके दिवशी त्या आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, बँकवाल्यांनी माझं पैसं कापलं. चार म्हैनं कापत्यात." पासबुक भरून आणायला सांगितले. दर महिन्याच्या एकाच तारखेला १४९ रुपये गेलेले. चार महिने, ५९६ रुपये. रोजावर जाणाऱ्या बाईचे ५९६ रुपये म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. बँकेने काही केले नव्हते. दिवाळीत नातू आला होता. त्याने आजीच्या फोनवर सिनेमाच्या एका कंपनीचा 'पहिला महिना फुकट' असा प्लॅन घेतला. फुकटच आहे म्हणून आजीने पिन टाकून दिला. नातू सुटी संपवून पुण्याला गेला. जाताना त्याने ते ॲप फोनवरून काढूनही टाकले. आजीला वाटले, गेले ते. पैसे मात्र जातच राहिले.

का बरे? तर पहिल्या दिवशी टाकलेला पिन हा नुसता त्या दिवसाचा नव्हता. तो 'दर महिन्याला माझ्या खात्यातून एवढे घेत जा' असा हुकूम होता. त्याला 'ऑटोपे' म्हणतात, कुठे 'मँडेट' असाही शब्द असतो. ॲप फोनवरून काढले म्हणून हुकूम रद्द होत नाही. दाराला कुलूप लावून तुम्ही लेकीकडे गेलात, पण गवळ्याला सांगितले नाहीत, तर तो उंबऱ्यावर दूध ठेवतच राहणार आणि महिनाअखेर पैसेही मागणार. तसेच आहे हे. रतीब बंद करायचा तर गवळ्यालाच सांगावे लागते.

याबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो १ ऑक्टोबर २०२१ पासून पुरता लागू झाला. असा हुकूम पहिल्यांदा देताना पिन किंवा ओटीपी लागतोच. पुढे मात्र ठरावीक रकमेपर्यंत दर वेळी पिन विचारत नाहीत. ही मर्यादा आधी ५,००० होती, ती २०२२ साली १५,००० रुपये झाली. म्हणजे दीडशे-दोनशे रुपये निमूटपणे जातात. पण त्याच नियमात असेही आहे की पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी खातेदाराला संदेश पाठवला पाहिजे, आणि खातेदाराला हुकूम मागे घेता आला पाहिजे. मावशींच्या फोनवर ते संदेश होते. चारही होते. इंग्रजी अक्षरांत आलेले म्हणून त्यांनी उघडले नव्हते. आता हे पाहा, इंग्रजी अक्षरे येत नसली तरी १ ४ ९ हे आकडे आपण वर्गात इंग्रजीतही गिरवले आहेत. संदेशात आकडा आहे आणि पुढची तारीख आहे, एवढे ओळखले तरी कोणाला तरी विचारता येते. आणि फोनची भाषा मराठी करता येते. सेटिंगमध्ये जाऊन ते कसे करायचे, हे आपण वर्गात करून पाहू.

मावशींचे काम पाच मिनिटांत झाले. ज्या ॲपवरून आपण फोनने पैसे पाठवतो, ते उघडायचे. त्यात 'ऑटोपे' असे एक ठिकाण असते. तिथे कोणाकोणाला हुकूम दिला आहे, त्याची यादी दिसते. नको त्यावर बोट ठेवायचे आणि रद्द करायचे. मावशींनी ते स्वतः वाचून, स्वतःच्या बोटाने केले. आम्ही नुसते शेजारी उभे होतो. गेलेले पैसे काही परत आले नाहीत. कंपनीचे म्हणणे, प्लॅन चालू होता. नातवाला मात्र मावशींनी फोनवर जे ऐकवले, ते इथे सांगण्यासारखे नाही.

कार्डावरून पैसे जात असतील तर बँकेत किंवा त्या सिनेमाच्या ॲपमध्ये जाऊन बंद करावे लागते. बंद केले तरी बहुतेक ठिकाणी भरलेल्या मुदतीपर्यंत सिनेमा दिसत राहतो. म्हणून फुकटचा महिना घ्यायचाच असेल, तर घेतल्या दिवशीच ऑटोपे पाहून ठेवावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात शेवटच्या तारखेला खूण करावी.

काही कंपन्या वर्गणी घ्यायचे बटण मोठे ठेवतात आणि बंद करायचे बटण सापडू देत नाहीत. सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा लबाड्यांची यादी करून त्यांना मनाई केली. वर्गणीत अडकवून ठेवणे, ही त्यांतली एक लबाडी आहे. असे कोणी केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या आकड्यावर फोन करावा. मराठीत बोलता येते. आणि 'तुमची सिनेमाची वर्गणी संपली, चालू करायला ओटीपी सांगा' असा फोन आला, तर तो चोर समजून ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा. इथे उशीर करू नये.

ज्यांना पैसेच खर्चायचे नाहीत, त्यांना दूरदर्शन आहेच. डीडी फ्री डिशची छत्री एकदा बसवली की महिन्याची वर्गणी नसते. मोबाइलसाठी प्रसार भारतीने 'वेव्ह्ज' नावाचे ॲप २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू केले. त्यातही पुष्कळ काही फुकट आहे. थोडे पैशाचे आहे, ते वाचून घ्यावे.

गणेश मंडळाच्या पोरांनी विचारले होते, की एकाने सिनेमा भाड्याने घेऊन चौकात पडद्यावर लावला तर चालेल का. नाही चालणार. ते भाडे घरात बसून पाहण्याचे असते. चौकात लावायचा तर सिनेमाच्या मालकाची निराळी परवानगी लागते.

पुढच्या गुरुवारी ज्यांचे पैसे फोनवरून जातात त्यांनी फोन भरून आणावा, आणि पासबुकही आणावे. ऑटोपेची यादी आपण एकेकाची वाचू. तोपर्यंत पाटीवर एक गणित करून आणा. जाहिराती काढायचे महिन्याला १२९ रुपये आणि वर्षाला ६९९ रुपये. किती महिने पाहिले तर महिन्याचा दर परवडतो, आणि कितव्या महिन्यापासून वर्षाचा?